रव्याचा डबा

आमच्या पाचपाखाडीच्या घरात बोर्नव्हिटाच्या डब्यात रवा असतो आणि हॉर्लिक्सच्या बाटलीत हळद. आईचं कधी अडलेलं नाही. अशा घरात वाढलेल्या माणसाला ऐरोलीच्या ऑफिसात लिनक्स कर्नलसाठी, म्हणजे संगणक चालवणाऱ्या प्रणालीच्या गाभ्यासाठी, एका चिपचं वर्णन लिहायला बसवलं.

चिप म्हणजे तापमान मोजणारा सेन्सर. साबुदाण्याहून जरासा मोठा, आठ पाय. यूएसबीचं यंत्र खोचलं की आपणहून सांगतं, मी अमुक, माझी कंपनी तमुक. चिपा एकमेकींना जोडणाऱ्या आय-टू-सीच्या तारेवरचा सेन्सर मात्र लग्नात कोपऱ्यात बसलेल्या काकांसारखा. कुणाकडून आलेत, पत्ता लागत नाही. म्हणून कोणत्या पत्त्यावर कोण बसलंय याची यादी कर्नलच्या हातात आधीच द्यायची. ती यादी म्हणजे डिव्हाइस ट्री, आणि यादीत काय लिहायचं, कसं लिहायचं याचा नियम म्हणजे बाइंडिंग. पूर्वी ही बाइंडिंग्ज साध्या मजकुरात असायची, ज्याला जसं सुचेल तशी. आता यामल नावाच्या ठरावीक साच्यात लिहायची आणि ती तपासायला चक्क यंत्र बसलेलं.

यंत्राने पहिल्याच ओळीला हटकलं. यामलला ओळ आत सरकवायला टॅब चालत नाही, स्पेसच लागतात. मग उदाहरणात नोडच्या, म्हणजे यादीतल्या चिपच्या नोंदीच्या, नावात पत्ता ४९ आणि आत ४८. दारावरची पाटी एका फ्लॅटची, किल्ली शेजारच्याची.

यंत्र परवडलं. पुढे माणसं होती, कर्नलमध्ये काय घ्यायचं ते तपासणारी.

मी चिपच्या नावात शेवटी 'एक्स एक्स' लिहिलं होतं, म्हणजे सगळी भावंडं एकाच दमात उरकतील. उत्तर आलं : नेमकी कोणती चिप? एकेक नाव लिहा. तापमान दर किती सेकंदांनी वाचावं, हेही मी हौसेने घातलं होतं. त्यावर : हे ड्रायव्हरने, म्हणजे चिप चालवणाऱ्या प्रोग्रामने, ठरवायचं. तुम्ही फक्त हार्डवेअरचं वर्णन करा.

बरोबरच आहे हो. उद्या कर्नल बदलेल, चिप तीच राहील. पण नुसतं वर्णन करायची आपल्याला सवय कुठे आहे? 'जोशी कोण?' विचारलं तर 'तेच ते, ज्यांचा मेव्हणा महापालिकेत आहे' असं सांगणारे आपण. खुद्द जोशींबद्दल त्यात अक्षर नसतं.

चौथ्या खेपेला होकार आला. ठाण्याच्या लोकलमध्ये, दिघा गाव मागे पडताना मोबाइलवर वाचला. फायलीत 'मेंटेनर' म्हणून आता माझं नाव आहे. म्हणजे सेन्सरचं काही बिनसलं की जगातून कुणीही मलाच विचारणार. तरी छाती फुगली.

त्याच भरात रविवारी स्वयंपाकघरात शिरलो आणि बोर्नव्हिटाच्या डब्यावर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठी चिकटवली : रवा.

आईने चष्मा लावला, चिठ्ठी वाचली.

"कोणता? बारीक की जाडा?"