तोंडचा शब्द सातबाऱ्यावर चढत नाही

मृत्युपत्र फक्त पैसेवाल्यांनीच करावं असं काही नाही, हे मृत्युपत्रावरच्या एका लेखात वाचलं, ते अगदी खरं आहे. आमच्या वरुड भागात चार एकरवाल्यालाही त्याची तेवढीच गरज आहे.

आमचे मोठेबाबा, म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, गेले. वावर त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेलं. विहिरीजवळचा एक एकर विधवा होऊन माहेरी आलेल्या ताईला द्यायचा, हे ते धुऱ्यावर उभं राहून सगळ्यांसमोर सांगत. तिथली संत्र्याची कलमं ताईनंच उन्हाळाभर बादलीनं पाणी घालून जगवली. पण कागद केला नाही. ते गेल्यावर सातबाऱ्यावर त्यांची बायको म्हणजे मोठी आई, ताईचे दोघं भाऊ आणि ताई अशी चार नावं लागली, चौघांचा हिस्सा सारखा. विहिरीचा तुकडा कोणाचा, यावरून भाऊ आता बोलत नाहीत. मोठी आई दोन्ही घरी रडते.

मृत्युपत्र साध्या कागदावर लिहिलं तरी चालतं, स्टॅम्प लागत नाही. सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार मात्र हवेतच. साक्षीदार शक्यतो वाटेकरी नसावेत, आपल्यापेक्षा वयानं लहान असले तर आणखी बरं. नोंदणी सक्तीची नाही, तरी दुय्यम निबंधकाकडे करून घ्याच, नंतर 'ही सही बाबांची नाही' म्हणणं अवघड जातं. गट नंबर आणि चतुःसीमा नीट लिहा. वडिलोपार्जित जमिनीत फक्त आपल्याच हिश्श्याचं लिहिता येतं, तेही आधी समजून घ्या. मन बदललं तर नवं करता येतं.

माझ्या बाबांना मी दिवाळीआधीच घेऊन जाणार आहे.