‘एक्स-रे नॉर्मल, म्हणजे बिनधास्त पळा’ : खुलासा

जळगाव-धुळ्याकडे पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय: ‘एक्स-रेत काही निघालं नाही, म्हणजे हाड शाबूत. तेलाने चोळा, पळत राहा, दुखणं पळूनच जिरतं.’

हे चूक आहे. डांबरी रस्त्यावर रोज पळून हाडाला जी बारीक चीर पडते, ते स्ट्रेस फ्रॅक्चर. पहिले दोन-तीन आठवडे ते एक्स-रेत बहुतेकदा दिसतच नाही, एमआरआयमध्ये दिसतं. पावलाच्या हाडावर एका ठरावीक जागी बोट दाबलं की जीव कळवळतो, पळताना दुखणं वाढत जातं, पुढे नुसतं चालतानाही ठणकतं. असं असेल तर जागा चोळू नका, पळणं थांबवून हाडाच्या डॉक्टरला गाठा.

बोटांमागच्या लांब हाडांची चीर साधारण 6 ते 8 आठवड्यांत भरते. घोट्यापुढच्या नेव्हिक्युलर हाडाचं तसं नाही. तिथे रक्तपुरवठा कमी, म्हणून पायावर भार न देता प्लास्टर, कधी ऑपरेशनही. गोळी खाऊन 1600 मीटर मारणारे बहाद्दर इथेच फसतात.

पोटऱ्या नुसत्या आखडल्या असतील तर मालिश खुशाल करा.