‘क्रेट म्हणजे कुत्र्याची गुहा’: त्या फॉरवर्डला उत्तर

कुत्रा पाळणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक मजकूर फिरतोय. त्याचा सारांश असा: कुत्रा हा मुळात गुहेत राहणारा प्राणी, म्हणून क्रेट, म्हणजे दाराला कडी असलेला जाळीचा पिंजरा, त्याला स्वतःची खोली वाटते. राहत्या जागी तो घाण करत नाही, त्यामुळे शी-शूची सवय आपोआप लागते. दिवसभर तो झोपतोच, तेव्हा ऑफिसच्या वेळात आठ-नऊ तास आत ठेवायला हरकत नाही. एकटं राहिलं की घर फाडून ठेवणाऱ्या कुत्र्यावर हाच इलाज. प्रगत देशांत सगळे हेच करतात. आणि पिल्लू कितीही रडलं तरी दार उघडायचं नाही, नाहीतर ते डोक्यावर बसतं. माझ्याकडे हा मजकूर आला तेव्हा खाली क्रेटचे साइज आणि भावही दिले होते, ते एक असो.

मी क्रेटच्या विरोधात नाही. घरात क्रेट असावा, कुत्र्याला त्याची सवयही असावी. का ते पुढे येईलच. माझं भांडण कडी लावून मग घड्याळ विसरण्याशी आहे, आणि या मजकुरातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा ते घड्याळ विसरायला लावण्यासाठी रचलेला आहे.

‘कुत्रा गुहेत राहणारा प्राणी आहे’

नाही. कुत्र्याचा नातेवाईक लांडगा, तोही गुहेत राहत नाही. लांडगीण विण्यापुरतं बीळ किंवा कपार धरते. पिल्लं साधारण आठ-दहा आठवड्यांची झाली की बिऱ्हाड उघड्यावर येतं. मोठे लांडगे उघड्यावरच झोपतात. सोलापूरच्या किंवा सासवडच्या माळरानावर लांडगे पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

इतकं लांब जायचं नसेल तर गल्लीतली कुत्री बघा. विण्याच्या वेळी ती जिन्याखाली, गटाराच्या पाइपात, बांधकामाच्या वाळूत जागा शोधते. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी पश्चिम बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांच्या अशा जागांचा अभ्यास करून २०१६ मध्ये तो प्रसिद्ध केला. माद्या वस्तीपासून दूर, एकांतात जात नाहीत, उलट माणसांच्या जवळपासची जागा धरतात, असं त्यात दिसलं. पिल्लं धावू लागली की ती जागा सुटते. मोठा कुत्रा पुढे आयुष्यभर दुकानाच्या पायरीवर नाहीतर गाडीच्या टपावर झोपतो. आणि विणाऱ्या कुत्रीलासुद्धा वाटेल तेव्हा उठून बाहेर जाता येतं. गुहेची उपमा देणारे नेमकी कडी विसरतात.

मग काही कुत्री टेबलाखाली, दिवाणाखाली का शिरतात? आवडतं म्हणून, आणि तेवढ्या वेळापुरतं. मे महिन्यात एक पूर्ण दिवस घरातल्या कुत्र्याकडे लक्ष ठेवा. सकाळी तो गॅलरीच्या दारात पसरलेला असतो. अकराच्या सुमारास ऊन आत आलं की दिवाणाखाली. दुपारी बाथरूमच्या उंबऱ्यापाशी, ओल्या फरशीवर पोट टेकून, मागचे पाय बेडकासारखे फाकवून. चारला लिफ्टचं दार वाजलं की उठून मुख्य दाराच्या फटीशी नाक. झोपेतसुद्धा तो ऊन, वारा, आवाज यांच्या हिशेबाने जागा बदलत असतो. कडी लावली की हा सगळा हिशेब बंद.

‘राहत्या जागी घाण करत नाही, म्हणून सवय लागते’

यात अर्धं खरं आहे. तीन आठवड्यांची झाल्यावर पिल्लं झोपायच्या जागेपासून थोडं लांब जाऊन शू करायला लागतात. पण त्यासाठी लांब जाता यायला हवं, आणि मूत्राशयात तेवढी ताकदही हवी. ढोबळ हिशेब असा की पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, साधारण तितके तास ते फार तर धरून ठेवू शकतं. दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास, तेही जमलं तर. त्याला सकाळी नऊला आत घालून संध्याकाळी सहाला काढलं तर ते आतच करणार, त्यात लोळणार, आणि दोन-चारदा असं झालं की घाणीची नैसर्गिक किळसच मरते. दुकानातल्या पिंजऱ्यात वाढलेली पिल्लं घरी आणली की शी-शू शिकवायला घाम निघतो, तो याच कारणाने.

सवय लावायचं काम माणसाचं. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच खाली न्या, तिथे केलं की त्याच जागी, त्याच क्षणी खाऊ द्या. या दोन फेऱ्यांच्या मध्ये तुम्ही कुकर लावताय, आंघोळीला जाताय, लक्ष ठेवता येत नाही, तेवढी वीस-पंचवीस मिनिटं क्रेट उपयोगी पडतो.

‘तसाही झोपतोच, आठ-नऊ तास चालतात’

खरा माल इथे आहे. बाकीचे मुद्दे या एका वाक्यासाठी रचलेत.

मोठा कुत्रा दिवसातला निम्मा वेळ झोपतो हे खरं. पण तो माणसासारखा सलग झोपत नाही. डुलकी, उठणं, फेरी, पाणी, पुन्हा डुलकी, असं चालतं. शिवाय ‘ऑफिसची वेळ’ म्हणजे किती? डोंबिवलीहून सकाळी आठची लोकल पकडणारा माणूस संध्याकाळी सातच्या आधी घरात येत नाही. हे झाले अकरा तास. बहुतेक घरांत मग रात्रीही क्रेटच, म्हणजे आणखी आठ. चोवीस तासांतले एकोणीस तास कुत्रा उभं राहून गोल फिरता येईल एवढ्याच जागेत. उरलेल्या पाचांत जेवण, दोन फेऱ्या आणि मालकाचा मोबाइल.

त्यात आपला उन्हाळा. कुत्र्याला अंगभर घाम येत नाही. धापा टाकून आणि गार जागी अंग टेकून तो स्वतःला थंड ठेवतो. नागपूर-चंद्रपूरला पारा ४५ च्या वर जातो, दुपारी वीज जाते, पंखा थांबतो. मोकळा कुत्रा बाथरूम गाठेल, कोंडलेला जागच्या जागी धापा टाकत राहील. पग, बुलडॉग, शित्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना धापा टाकणंच नीट जमत नाही. त्यांच्यासाठी ही गैरसोय नसते, जिवावरचं दुखणं असतं.

कायदाही या बाबतीत गप्प नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या कलम ११ मध्ये प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात ठेवणं हा गुन्हा आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला पुरेसा व्यायाम न देणाऱ्या मालकासाठी तर त्याच कलमात वेगळं पोटकलम आहे, कुत्र्याचं नाव घेऊन. दंड मात्र पहिल्या गुन्ह्याला १० ते ५० रुपये, म्हणजे फार तर दोन वडापाव. त्यामुळे कुणी घाबरत नाही ते वेगळं.

‘एकटेपणाने घर फाडणाऱ्या कुत्र्यावर इलाज’

मजकुरातला हा सगळ्यात धोकादायक सल्ला. मालक बाहेर पडला की दार ओरबाडणारा, लाळ गाळणारा, घरभर शू करणारा कुत्रा खोडसाळ नसतो, घाबरलेला असतो. घाबरलेल्या जिवाला कोंडलं की भीती कमी होत नाही, फक्त सोफा वाचतो.

अशा कुत्र्याचं तोंड जनावरांच्या डॉक्टरांकडून एकदा उघडून घ्या. जाळीची तार धरून तासन् तास ओढल्यामुळे सुळ्याची मागची बाजू झिजलेली असते. पुढून दात धड दिसतो, ओठ उचलून मागून पाहिलं की खाच दिसते. दात तिथेच कमकुवत होतो आणि पुढे कधीतरी हाड चावताना तुटतो. तुटलेली नखं आणि जाळीला घासून सोललेलं नाक हेही नेहमीचं.

इलाज कंटाळवाणा आहे. किल्ली उचलायची आणि ठेवून द्यायची. दाराबाहेर दहा सेकंद जाऊन परत यायचं. कुत्रा शांत राहिला तरच वेळ वाढवायचा, असं आठवडेच्या आठवडे. त्रास मोठा असेल तर डॉक्टर जोडीला फ्लुओक्सेटिनसारखं औषध देतात. ते त्यांनीच ठरवायचं, ग्रुपवर विचारून नव्हे.

‘प्रगत देशांत सगळे हेच करतात’

अमेरिकेत क्रेटचा वापर सर्रास आहे, खरं. पण तिथल्या प्राणी-कल्याण संस्थासुद्धा सहा महिन्यांखालच्या पिल्लाला एका वेळी तीन-चार तासांपेक्षा जास्त ठेवू नका, असं सांगतात. फॉरवर्डमध्ये ते वाक्य गळलंय. स्वीडनमध्ये घरात कुत्र्याला पिंजऱ्यात ठेवायलाच परवानगी नाही, प्रवास किंवा स्पर्धेसारखे अपवाद सोडून. शिवाय मोठ्या कुत्र्याला दिवसा निदान दर सहा तासांनी बाहेर न्यावंच लागतं. फिनलंडचा नियमही साधारण असाच, प्रवास आणि आजारपणापुरता पिंजरा. हे दोन्ही देश मागासलेले आहेत असं अजून तरी कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

आता क्रेट घरात का असावा ते. पायाच्या हाडाची किंवा गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, डॅशहंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याच्या मणक्यातली चकती सरकली, की डॉक्टर काही आठवडे हालचाल बंद करायला सांगतात. त्या वेळी आधीची सवय असलेला कुत्रा निमूट पडून राहतो, नसलेला टाके तोडतो. विमानाच्या कार्गोत खोका लागतोच, आणि त्यात कुत्र्याला नीट उभं राहता, वळता, आडवं होता आलं पाहिजे अशी अट असते. रेल्वेत एसी फर्स्टचा कूपे परवडला नाही तर गार्डच्या डब्यातला डॉग बॉक्स नशिबी येतो, तिथेही बंद जागेची ओळख कामी येते. ही ओळख कडी न लावता करून द्यायची: दार उघडं, आत जुनी चादर, जेवणाचं ताट आतच. तो आपणहून आत जाऊन झोपू लागला की मिनिटभर दार लोटून बघायचं. गळ्यातला पट्टा मात्र आधी काढा, तो जाळीत अडकून फास बसू शकतो.

दिवसभराचा प्रश्न उरतो, आणि तो खोटा नाही. दोघंही नोकरीला, शेजाऱ्यांची भुंकण्याबद्दल तक्रार, सोसायटीची नोटीस. सोसायटीला कुत्रा पाळायला बंदी घालता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलंय. पण त्याने भुंकणं थांबत नाही, हेही कबूल. उपाय आहेत: स्वयंपाकघराच्या दाराला लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक लावून एक अख्खी खोली मोकळी ठेवणं, दुपारी फिरवून आणायला पगारी माणूस, नाहीतर खालच्या मजल्यावरचे निवृत्त काका, ज्यांना कुत्रा हवा असतो पण काकू आणू देत नाहीत. यातलं काहीच जमणार नसेल तर दोन महिन्यांचं पिल्लू आणू नका. दत्तक द्यायला मोठी, शांत कुत्री कितीतरी आहेत.

‘रडलं तरी दार उघडू नका’

आईपासून आणि भावंडांपासून कालच वेगळं झालेलं पिल्लू पहिल्या रात्री रडणारच. क्रेट गॅलरीत किंवा हॉलच्या कोपऱ्यात ठेवू नका. तुमच्या पलंगाला लागून ठेवा, हात खाली सोडला तर त्याला वास यावा इतका जवळ. रात्री दोनला कुरकुर सुरू झाली तर ती बहुधा शूची असते. दिवा न लावता, न बोलता, पट्टा लावून खाली न्या, झालं की परत आत. खेळ नाही, लाड नाही. मूत्राशयाची ताकद वाढली की ही फेरी आपसूक बंद होते.