‘पालीचे फोटो काढून विज्ञान होत नसतं’: एक प्रतिवाद

मराठवाड्यातल्या शाळांच्या आणि निसर्गप्रेमींच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर अधूनमधून फिरत असतो. त्याचं सार असं: पाल विषारी, मुलांना पालींचे फोटो काढून नोंदी ठेवायच्या नादी लावू नका. शहरातली पाल काय नि शिवारातली काय, सारखीच. सामान्य माणसाला जाती ओळखता येत नाहीत. आणि मोबाईलच्या फोटोंतून विज्ञान होत नसतं.

विषाचा मुद्दा चटकन संपतो. ज्याच्या विषाने माणूस दगावेल असा सरडा किंवा पाल भारतात नाही. पाल पडलेलं दूध फेकून द्यायचं ते साल्मोनेलासारख्या जंतूंमुळे. नोंदीसाठी पाल धरायची नसतेच. धरली तर ती शेपूट टाकू शकते.

‘सारखीच’ हा दावा तपासून झाला आहे. संशोधक क्रिस्टिन विंचेल आणि सहकाऱ्यांच्या २०१६च्या अभ्यासात पोर्तो रिको या कॅरिबियन बेटावरच्या शहरांतल्या ॲनोल जातीच्या सरड्यांचे पाय रानातल्यांपेक्षा लांब निघाले, बोटांखालच्या पकडीच्या पट्ट्याही जास्त. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांना शहराकडेचे खडकसरडे सुरक्षित आडोसा कोणता हे रानातल्यांपेक्षा लवकर शिकताना दिसले. आपल्याकडे तर तुलनेची जागा तयारच आहे. ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर किल्लारी परिसरात नव्या वसाहती उभ्या राहिल्या. एकीकडे दगडमातीच्या भिंती आणि माळवदं, दुसरीकडे सिमेंटचा गिलावा, स्लॅब आणि रात्रभर जळणारे दिवे. असा जोड मुद्दाम मांडू म्हटलं तरी जमणार नाही.

ओळखीचा आक्षेप निम्मा खरा आहे. भिंतीवर दिसेल त्याला आपण नुसतं ‘पाल’ म्हणतो आणि मोकळे होतो. पण घरात सहसा दिसणाऱ्या पाली चांगल्या फोटोवरून बऱ्याच अंशी वेगळ्या करता येतात. शेपटीवर काट्यांसारखे उंचवटे, पाठ बरीचशी गुळगुळीत आणि आवाज मोठा ती एक. अंगाने थोराड, पोट पिवळसर ती दुसरी. पाठभर खरखरीत दाण्यांच्या ओळी असलेली तिसरी, आणि हिच्या गटातल्या जाती एकमेकींपासून वेगळ्या करणं तज्ज्ञांनाही फोटोवरून अवघड जातं. तिथे जातीचं नाव न लिहिता गटावर थांबायचं. आयनॅचरलिस्ट या जीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर एकट्याच्या म्हणण्याने नोंद पक्की होत नाही. किमान दोघांची ओळख जुळावी लागते आणि मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांशांहून जास्त सहमत असावे लागतात.

आता फोटोंचं. संशोधक प्रत्येकाच्या ओसरीत किंवा न्हाणीघरात रात्री नऊला शिरू शकत नाही. घरमालक तिथेच असतो. लॉस एंजेलिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमने २०१३मध्ये लोकांकडून सरपटणाऱ्या प्राण्यांचे फोटो मागवायला सुरुवात केली. तिथल्या ‘ॲलिगेटर’ नावाच्या सरड्यांच्या मीलनाच्या नोंदी आधी जेमतेम होत्या, लोकांनी अंगणांतून त्या शेकड्यांनी दिल्या.

लोकांच्या नोंदींचा खरा दोष टीकाकार सांगतच नाहीत: पाल दिसली तर नोंद, नाही दिसली तर काहीच नाही. मग जिथे माणसं जास्त, तिथे पाली जास्त असं खोटंच चित्र उभं राहतं. उपाय सोपा, पण कंटाळवाणा. एक भिंत ठरवा. सूर्यास्तानंतर एक तासाने, दर आठवड्याला त्याच वारी, २० मिनिटं तीच भिंत पाहा. एका वेळी एकत्र दिसलेल्या पालींची सर्वांत मोठी संख्या लिहा. येणाऱ्या-जाणाऱ्यांची बेरीज केली तर एकच पाल तीनदा मोजली जाते. शून्य दिसल्या तर शून्य लिहा. सोबत दिवा कोणता, गिलावा आहे की दगड आणि तापमान. सरड्यासाठी वेळ सकाळची. मे महिन्यात दुपारी कुंपणावर तो दिसला नाही म्हणून तो नाहीच असं होत नाही.

मापासाठी पालीजवळ मोजपट्टी नेऊ नका, पाल पळते. फोटो घ्या, पाल गेल्यावर त्याच जागी भिंतीला टेकवून पट्टी धरा आणि झूम न बदलता, उभं राहायची जागा न सोडता दुसरा फोटो घ्या. पट्टी भिंतीपुढे धरली तर ती मोठी दिसते आणि पाल लहान मोजली जाते. पाल चौकटीच्या मधोमध हवी, कडेला आकार ताणला जातो. नाकाच्या टोकापासून अवस्करापर्यंतचं, म्हणजे शेपटीच्या मुळाशी असलेल्या छिद्रापर्यंतचं अंतर मोजा. शेपूट मापात धरू नका, ती तुटून पुन्हा आलेली असू शकते. बोटांखालच्या पट्ट्या मोजायला सर्वांत सोयीची जागा म्हणजे खिडकीची काच: पाल बाहेरून चिकटलेली असताना आतून जवळचा फोटो घ्या, फ्लॅश बंद.

एवढं करूनही फोटोवरून फरक दिसतो, तो आनुवंशिक आहे की नाही ते कळत नाही. विंचेल यांनी त्यासाठी पिल्लं प्रयोगशाळेत एकसारख्या परिस्थितीत वाढवून पाहिली. ते काम भिंतीपुढे उभं राहून होत नाही, आणि तसा दावा कुणी करूही नये.

घोरपड दिसली तर मात्र ॲपमध्ये ठिकाण अस्पष्ट ठेवा आणि गावाच्या गटावर फोटो टाकू नका. ती वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरीही तिची शिकार होते.