रमाबाईंनी दुष्काळातल्या मुली ‘पळवल्या’ नव्हत्या

पंडिता रमाबाईंबद्दलचा एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा पुन्हा फिरतो. त्याचा सारांश असा: बाई चर्चच्या हस्तक होत्या. परदेशी पैशावर त्यांनी विधवांच्या शाळेचा देखावा उभा केला. मग दुष्काळात गरिबांच्या मुली पळवून केडगावला नेल्या आणि बाटवल्या. त्या नसत्या तर आपल्या समाजाने ती लेकरं सांभाळलीच असती. यातलं एक विधान अर्धं खरं आहे, तेही मी खाली सांगणार आहे. बाकीच्यांना आधार नाही.

आधी ‘चर्चच्या हस्तक’ हे बघू. १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला आणि लगेच चर्चच्या मंडळींशी त्यांचे खटके उडू लागले. त्रैक्याचा, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव असल्याचा सिद्धान्त त्यांना पटेना. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवायला मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली, तेव्हा त्यांनी चिडून वाद घातला. आपल्याकडच्या पुरोहितांचं जोखड मोठ्या कष्टाने झुगारलं, आता तसंच दुसरं मानेवर घेणार नाही, असं त्यांनी वाँटेजच्या जोगीण सिस्टर जेराल्डिनला कळवलं. इकडे जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. १८८९ च्या मुंबई काँग्रेसमध्ये त्या प्रतिनिधी होत्या. १८९७ मध्ये पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्तात बायकांचे काय हाल होतात हे त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं आणि गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारला खुलासे करावे लागले. हस्तक असं वागत नाहीत.

‘शाळेचा देखावा’ म्हणजे शारदा सदन. ते ११ मार्च १८८९ ला मुंबईत सुरू झालं आणि पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पैसा अमेरिकेतल्या रमाबाई असोसिएशनचा होता हे खरं, पण त्याची अटच अशी होती की शाळेत धर्माचं शिक्षण द्यायचं नाही. १८९३ मध्ये काही मुली बाईंच्या प्रार्थनेला बसतात यावरून गदारोळ झाला, ‘केसरी’ने झोड उठवली. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. माझ्या मते त्या दोघांचं चुकलं नाही. मुलगी तिथे कशाला बसते हे कळण्याचा आईबापांना हक्क होता. पण देखाव्यातून गोदूबाई घडत नाहीत. शारदा सदनाच्या या विद्यार्थिनीने १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला, आनंदीबाई झाली आणि शेवटपर्यंत हिंदूच राहिली.

आता ‘पळवल्या’. मला सर्वांत जास्त त्रास या शब्दाचा होतो, कारण यात त्या मुलींची घरंच गायब होतात. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात पिकं गेली होती, धान्य महागलं होतं, शेतमजुरांच्या हाताला काम नव्हतं. जित्राब विकलं, भांडी विकली, मग माणसं गाव सोडून मदत-कामांच्या आणि अन्नछत्रांच्या वाटेला लागली. वाटेत बाप मेला, आई मेली, की मागे पोर उरायची. तरुण मुलींवर दलाल टपून होते. मदत-छावण्यांवरचे मुकादमही बायकांच्या अगतिकतेचा फायदा घेतात, हे रमाबाईंनी तिथे जाऊन पाहिलं आणि लिहून ठेवलं. दुष्काळ त्यांना नवा नव्हता. १८७४ च्या सुमाराला दक्षिणेतल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे गेले, मग आई, मग बहीण. त्याआधी सगळ्या कुटुंबाने रानात पाल्यावर आणि पाण्यावर दिवस काढले होते. अशा बाईने उपाशी मुलींना सोबत आणलं, तर त्याला पळवणं म्हणायचं? पुण्यात प्लेगचे निर्बंध होते, म्हणून मुलींना पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या जमिनीवर नेलं. पुढे १८९९-१९०० मध्ये गुजरातेत छप्पनिया दुष्काळ पडला, तेव्हा तिथूनही मुली आल्या. १९०० च्या सुमाराला केडगावच्या या आश्रमात, म्हणजे मुक्ती सदनात, दीड हजारांवर माणसं जेवत होती. शेती, विणकाम, छापखाना, अंध मुलींना ब्रेलचे धडे असं सगळं तिथे उभं राहिलं.

आता ते अर्धं खरं विधान. केडगाव शारदा सदनासारखं धर्मनिरपेक्ष नव्हतं. तिथे ख्रिस्ती प्रार्थना होती, मुलींचे बाप्तिस्मे झाले, आणि बाईंना त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं. मला मात्र हे खटकतं. ज्या पोरीचं ताट, अंथरूण आणि पुढचं सगळं आयुष्य एकाच हातावर अवलंबून आहे, तिची संमती मोकळी कशी मानायची? हा प्रश्न रमाबाईंना विचारलाच पाहिजे, आणि त्या काळच्या प्रत्येक मिशन अनाथालयालाही. पण तो विचारायला आधी मुलगी जिवंत होती हे मान्य करावं लागतं.

राहिलं ‘समाजाने सांभाळलीच असती’. काहींनी खरंच सांभाळली आणि त्यांचं नाव घ्यायला हवं. फुले दांपत्याचं बालहत्या प्रतिबंधक गृह १८६३ चं. पंढरपूरला प्रार्थना समाजाच्या मंडळींनी टाकलेल्या मुलांसाठी आश्रम चालवला. आर्य समाजाने दुष्काळी मुलं पंजाबात नेली, आणि लाला लजपत राय यांनी १९०१ च्या दुष्काळ आयोगापुढे साक्ष देऊन मुलं मिशनांकडे सोपवण्याला हरकत घेतली. ती हरकत रास्त होती, कारण त्यांनी स्वतः मुलं पोसली होती. कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम १८९६ चा, म्हणजे त्याच दुष्काळाच्या वर्षाचा, पण तो मुख्यतः ब्राह्मण विधवांसाठी होता. १९०० साली शेतमजुराच्या आठ वर्षांच्या पोरक्या मुलीला, जात न विचारता, पुणे जिल्ह्यात दुसरं कुठलं दार उघडं होतं? हा मजकूर पुढे ढकलणाऱ्यांनी त्या दाराचं नाव सांगावं.