आमचा संगणक सी-टू-बी

एकाच आठवड्यात मला दोन नोटिसा आल्या. पहिली महापालिकेची, सोसायटीचा सेक्रेटरी या नात्याने: इमारतीला ३० वर्षं उलटली आहेत, तरी स्ट्रक्चरल ऑडिट करून अहवाल सादर करावा. दुसरी संगणकाच्या पडद्यावर. पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचं परिपत्रक टाइप करत होतो, तर अख्खा पडदा अडवून उभी राहिली: विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपत आहे आणि आपलं यंत्र विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. दोन्हींचा सूर इतका सारखा की मसुदा एकाच कारकुनाने केला असावा. फरक एवढाच, पालिकेच्या नोटिशीवर जावक क्रमांक होता, खाली सही होती. भांडायला कुठल्या टेबलाशी जायचं ते कळत होतं.

हल्ली ठाण्याच्या नौपाड्यात कुणीही भेटलं की दोनच प्रश्न विचारतं. "गुडघे काय म्हणतात?" आणि "तुमची बिल्डिंग कधी जातेय?" जातेय म्हणजे रिडेव्हलपमेंटला. आमची १९८४ ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नाही, म्हणजे दोन्ही प्रश्न तसे एकच. आजवर तीन बिल्डर येऊन चहा पिऊन गेले. त्यामुळे नवं देतो, मोठं देतो, वर एक पैसा घेत नाही, असं कुणी म्हटलं की आमच्याकडचं शेंबडं पोरसुद्धा विचारतं, कार्पेट एरिया किती? विंडोज ११ फुकट मिळणार हे ऐकल्यावर माझ्या तोंडून तोच प्रश्न निघाला.

भाच्याला बोलावलं. तो आयटीत आहे आणि घोडबंदर रोडला राहतो. "निघालो मामा" असा फोन आल्यावर पावणेदोन तासांनी दारात उभा. अंतर दहा-बारा किलोमीटर. पाणी पिऊन त्याने संगणकाचं झाकण उघडलं. आत धुळीची गोधडी आणि पंख्यापाशी आपट्याचं एक वाळलेलं पान. दरवर्षी दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू, झेंडू आणि आपटा वाहतो, त्यातलं एखादं आत सरकलं असणार. भाच्याने ते दोन बोटांत धरून ट्यूबलाइटकडे बघितलं. ऑडिटवाला इंजिनीअर आमच्या कॉलमचं प्लास्टर हातात घेऊन असाच बघत होता.

"मामा, विंडोज ११ ला लागतो तो टीपीएम यात दिसत नाही."

"म्हणजे?"

"कुलपांच्या किल्ल्या ठेवायची तिजोरी समज. उद्या चोराने डिस्क काढून नेली तरी त्याला काही वाचता येत नाही."

माझ्या डिस्कवर मेंटेनन्सच्या थकबाकीदारांची यादी आहे. चोराने ती वाचून वसुली केली, तर त्याला टक्केवारी द्यायची माझी तयारी आहे. पण भाचा पेटला होता. त्याने संगणक बंद करून चालू केला, डिलीटचं बटण टकटक दाबत एका अनोळखी पानावर शिरला आणि दहा मिनिटांनी ओरडला, "आहे! प्रोसेसरच्या आतच आहे, नुसती बंद होती!" म्हणजे आठ वर्षं आमच्या घरात तिजोरी होती आणि आम्हाला पत्ता नव्हता. हिने आनंदाने नारळीपाकाचे लाडू काढले. मी पहिला तोडतोय तोवर भाच्याचा चेहरा उतरला.

"प्रोसेसर सातव्या पिढीचा आहे. विंडोज ११ ची यादी आठवीपासून सुरू होते. एक-दोन अपवाद आहेत, त्यात आपण नाही."

आपल्याकडे सात पिढ्या बसून खातील इतकं कमावून ठेवलं म्हणतात. इथे सातवी पिढी रोज उठून काम करत होती, तीच नापास. संगणकाला कसला त्रास म्हणाल तर काही नाही. तीन वर्षांपूर्वी एसएसडी, म्हणजे वेगवान डिस्क, घातल्यापासून तर चहाला आधण ठेवायच्या आत सुरू होतो. मलाही बँकेने ६० व्या वर्षी असंच, सगळं नीट चाललेलं असताना, शाल-श्रीफळ देऊन घरी पाठवलं होतं. पण मला निदान पेन्शन आहे.

तसा मी नव्याच्या विरुद्ध नाही. १९९५ पासून डाव्या खालच्या कोपऱ्यातल्या स्टार्टच्या बटणाशी माझे घरगुती संबंध आहेत. २०१२ साली विंडोज ८ मध्ये ते बटणच काढून टाकलं. लोकांनी आरडाओरडा केल्यावर २०१३ साली गुपचूप परत आणून बसवलं. मधला ९ कुठे गेला, ते कुणाला विचारायचं नसतं. २०१५ साली १० आला, तेव्हा जो तो म्हणत होता की आता हा शेवटचाच. मी विश्वास ठेवला. ठाण्यात राहून, नाटकाच्या जाहिरातीत 'शेवटचे काही प्रयोग' हे शब्द वर्षानुवर्षं वाचूनही ठेवला, याचं मला आजही नवल वाटतं.

मेहुण्याच्या लॅपटॉपवर ११ पाहून आलो. स्टार्टचं बटण सरकत सरकत मधे आलंय. ते सेटिंगमध्ये जाऊन डावीकडे नेता येतं. पण पहिल्याच दिवशी फर्निचर हलवायला लागणारं घर मला आधीच संशयास्पद वाटतं. उजवं बटण दाबल्यावर पूर्वी मेन्यूत सगळं दिसायचं. आता निम्मंच दिसतं आणि उरलेल्यासाठी तळाशी 'आणखी पर्याय दाखवा' दाबायचं. थाळीतली दुसरी भाजी वेगळी मागून घ्यायची, असला प्रकार. शिवाय मेहुण्याने सांगितलं की २०२४ मध्ये रिकॉल नावाची एक सोय जाहीर झाली होती. दर काही सेकंदांनी पडद्याचा फोटो काढून ठेवायचा, म्हणजे तुम्ही कधी काय बघितलं ते नंतर शोधता यावं. बोंब झाल्यावर ती पुढे ढकलली आणि ती खास नव्या यंत्रांवरच चालते, तेव्हा माझ्या सातव्या पिढीला तो धोका नाही. पण आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजी हेच काम गेली ४० वर्षं खिडकीतून करतायत, तेही एका चष्म्यावर. कोण कधी आलं, हातात कसली पिशवी होती, सगळं तारीखवार. अजून एक कशाला?

मग प्लॅटफॉर्म बदलावा, असं ठरलं.

अ‍ॅपलच्या मॅकचा विचार साधारण २५ मिनिटं टिकला. त्यातली २० मिनिटं रिक्षात गेली. मॅक मिनी तेव्हा ५९,९०० रुपयांना, आणि त्या रकमेत पडदा नाही, कीबोर्ड नाही, माउस नाही. हिने दुकानातल्या मुलाला शांतपणे विचारलं, "मग बाळा, डब्यात आहे काय?"

राहिलं लिनक्स, विंडोजच्या जागी संगणक चालवणारं. १९९१ साली हेलसिंकीतल्या लायनस टॉरवाल्ड्स नावाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्याने ते सुरू केलं आणि जगभरच्या लोकांनी फुकट राबून वाढवलं. आमच्या सोसायटीत जिन्यातला बल्ब बदलायला माणूस मिळत नाही, त्यामुळे या हकिकतीवर माझा विश्वास बसायला वेळ लागला. त्याचे अवतार अनेक, भाच्याने त्यातलं मिंट निवडलं. पेनड्राइव्हवर घालून दिलं आणि म्हणाला, "डिस्कला हात न लावता यावरूनच चालव. आवडलं तर बघू."

मी नव्या संगणकाची परीक्षा एकाच शब्दाने घेतो: 'दुसऱ्या'. द, उकार, स, मग र च्या बटणावर शिफ्ट दाबून ऱ, त्याला हलन्त, य, काना. भल्याभल्यांना हा ऱ्य जमत नाही, कुणी रफार करून य च्या डोक्यावर चढवतं, कुणी पाय मोडून उघडा ठेवतं. मिंटमध्ये मराठी इन्स्क्रिप्ट ही माझ्या सवयीची कीबोर्डची मांडणी निवडली, बोटं आपसूक आपापल्या जागी गेली आणि पडद्यावर उमटलं 'दुसऱ्या', मिशीसकट. प्रिंटर जोडला, तर ना सीडी मागितली ना काही, सरळ कागद ओढला. मी हिला हाक मारून दाखवलं. "छान आहे," ती म्हणाली, "पण हा शब्द तुम्ही आधीही काढत होतात ना?"

त्या उत्साहात मी जनरेटरच्या खर्चाची नोटीस लिहायला बसलो. दोन तास लागले. तिसऱ्या मजल्यावरच्यांना टोमणा बसेल पण नाव येणार नाही, अशी ती वाक्यरचना होती, पुन्हा जमायची नाही. व्यवस्थित सेव्ह केली, संगणक बंद केला, जेवलो, वामकुक्षी घेतली. उठून बघतो तर नोटीस नाही, फोल्डर नाही, मराठी कीबोर्डसुद्धा नाही. पडदा कोरा करकरीत, जणू आमची ओळखच नाही.

भाच्याला फोन लावला. "अरे मामा, ती धर्मशाळा आहे," तो म्हणाला. "पेनड्राइव्हवरून चालवलं की बंद करताना सगळं झाडून निघतं. सांगितलं होतं मी." सांगितलं असेल. लाडू खाताना सांगितलं असेल तर ते धरत नाहीत.

पुढची अडचण जुनी होती. सोसायटीच्या १९९८ ते २०११ च्या इतिवृत्तांची फाइल मिंटमध्ये उघडली आणि 'वार्षिक सर्वसाधारण सभा' च्या जागी स्वल्पविराम, कंस, टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरं आणि एक पौंडाचं चिन्ह आलं. ती फाइल युनिकोडच्या, म्हणजे मराठी अक्षरांना स्वतःचे क्रमांक मिळाले त्याच्या, आधीच्या फॉन्टमधली. त्या फॉन्टांत आतून असतात इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, वर नुसता मराठीचा मुखवटा. फॉन्ट नसला की मुखवटा गळतो. १३ वर्षांची भांडणं, गच्चीचा वाद, पार्किंगचा ठराव, सगळं त्या टोपीवाल्यांच्या हातात. भाच्याने जुन्या डिस्कवरून फॉन्ट आणून टाकल्यावर भांडणं पुन्हा मराठीत दिसू लागली. मात्र हिशोबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालेना, आणि खजिनदारांना नवीन शिकवण्यापेक्षा मी इमारत पाडेन.

म्हणून वाटणी केली. एका डिस्कचे दोन भाग, एका घरात दोन चुली. ठाण्याचा पाच नंबरचा फलाट रुंद करायला रेल्वेने २०२४ साली ६३ तासांचा ब्लॉक घेतला होता. आमचं काम भाच्याने ४० मिनिटांत उरकलं. तेवढा वेळ मी देवापाशी बसून होतो, हे मी त्याला सांगितलेलं नाही. विंडोज १० ला १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ मिळते, असंही त्याने शोधून काढलं. मायक्रोसॉफ्टकडे खातं उघडा, मग ३० डॉलर भरा, नाहीतर सेटिंग त्यांच्यापाशी जपायला द्या, की फुकट. खातं उघडा म्हणून लोकांच्या मागे लागण्यात माझी ३४ वर्षं गेली. समोरच्याला कसं वाटत असेल ते त्या दिवशी कळलं. उघडलं.

वसुबारसेच्या तीन दिवस आधी ती १४ तारीख येऊन गेली. काही फुटलं नाही, धूर आला नाही. त्याच सुमारास इमारतीचाही अहवाल आला: सी-टू-बी. म्हणजे सी-वनसारखी पाडायची नाही, सी-टू-ए सारखी रिकामी करायची नाही, आतली माणसं आत ठेवून दुरुस्ती करायची. मी तो अहवाल फाइल करताना संगणकाच्या कपाळावरही पेन्सिलीने बारीक 'सी-२बी' लिहून ठेवलं.

आता सकाळी बटण दाबलं की काळ्या पडद्यावर यादी येते, वर मिंट, खाली विंडोज, आणि दहा सेकंद उलटे मोजले जातात. मी चष्मा शोधत ठाणे स्टेशनच्या पुलावर मधोमध उभा असल्यासारखा, कुठल्या जिन्याने उतरावं ते ठरत नसतं. आतून ही विचारते, "अहो, आज कितव्या फलाटावर?" आणि उत्तर द्यायच्या आत गाडी सुटलेली असते.