‘कोळ्यांना कशाला ओढता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. द किंक्स या ब्रिटिश रॉक बँडवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत, त्याला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. दोन दिवस गप्प बसलो, पण राहवलं नाही.

तुमचं म्हणणं असं: किंक्स म्हणजे एका रिफवर, गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका तुकड्यावर तगलेला बँड, सत्तरच्या दशकातल्या त्यांच्या नाटकी अल्बमांना खरे चाहतेसुद्धा विटले, त्यांचं ‘सी माय फ्रेंड्स’ हे गाणं रटाळ आहे आणि ब्रिटिश रॉकमध्ये भारतीय सूर त्या गाण्यानं पहिल्यांदा आणला हे साफ चूक. वर हे वाक्य: “मुंबईच्या कोळ्यांचा संबंध जोडणं हा निव्वळ मराठी अस्मितेचा उमाळा, यूट्यूबवर चार गाणी ऐकून लिहायला बसलं की असंच होतं.”

माझी चूक आधी मान्य करतो. ‘पहिल्यांदा’ हा शब्द नको होता. यार्डबर्ड्स या दुसऱ्या ब्रिटिश बँडचं ‘हार्ट फुल ऑफ सोल’ जून १९६५मध्ये आलं, किंक्सचं गाणं जुलैच्या शेवटी. यार्डबर्ड्सनी त्यासाठी सतारवादक बोलावूनही पाहिला होता. शेवटी त्यांचा गिटारवादक जेफ बेक यानं तो सूर गिटारवर काढला. लेखात दुरुस्ती केली आहे. हे तुम्ही साध्या शब्दांत सांगितलं असतंत तर आभार मानले असते.

पण उमाळा? जानेवारी १९६५मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाताना किंक्स मुंबईत थांबले होते. पहाटे समुद्रावर कामाला निघालेल्या कोळ्यांचं गाणं किंक्सचा गायक-गीतकार रे डेव्हिस याच्या कानावर पडलं आणि त्यातून हे गाणं सुचलं. हे मी जोडलेलं नाही, त्यानं स्वतः मुलाखतींत सांगितलेलं आहे. उत्तर लंडनच्या मसवेल हिलमधल्या वीस वर्षांच्या पोराला मराठी अस्मितेशी काय देणंघेणं?

आणि रटाळ म्हणालात तेच तर त्या गाण्याचं बळ आहे. त्यात सतार नाही, गिटारच आहे. खाली एक स्वर घुमत राहतो आणि वर रे त्याच त्या ओळी नाकातून, लांबवत, जवळजवळ दमल्यासारखा गातो. ओळ संपली असं वाटतं, तोवर तीच परत येते. माझं लहानपण वरळी कोळीवाड्याला लागून गेलं. होडी ओढताना एकानं सूर लावायचा, बाकीच्यांनी तोच धरून ठेवायचा आणि श्वास संपता संपता दोराला हिसका द्यायचा. अंथरुणात पडल्या पडल्या ते ऐकू यायचं. सूर चढत नाही, उतरत नाही, कारण तो काम करणाऱ्यांचा सूर आहे. हे कानात असलेल्या माणसाला ‘सी माय फ्रेंड्स’ समजावून सांगावं लागत नाही.

यूट्यूबचं म्हणाल तर मी हे गाणं पहिल्यांदा १९८५मध्ये ऐकलं. मामा बोटीवर होता. त्यानं आणलेल्या कॅसेटच्या पट्टीवर निळ्या बॉलपेननं नुसतं ‘किंक्स’ लिहिलेलं होतं. टेप इतक्यांदा अडकली की शेवटी पेन्सिल कॅसेटच्या डबीतच ठेवायला लागलो. कोणी किती ऐकलंय याचा अंदाज माणसाला न ओळखता बांधू नये, एवढी साधी रीत तुम्हाला पाळता आली असती.

‘एका रिफचा बँड’ यावर काय बोलायचं? रेचा भाऊ आणि बँडचा गिटारवादक डेव्ह डेव्हिस यानं ब्लेडनं अॅम्प्लिफायरच्या स्पीकरचा पडदा फाडून जो आवाज काढला, त्यानं १९६४मध्ये ‘यू रिअली गॉट मी’ ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्याच बँडनं तीनच वर्षांत ‘वॉटर्लू सनसेट’ केलं. ज्यांना पहिलं हवं असतं त्यांना दुसरं मिळमिळीत वाटतं, हे भांडण चाहत्यांत जुनंच आहे. तुम्ही पहिल्या गटातले आहात, एवढंच. ‘व्हिलेज ग्रीन’ १९६८मध्ये आला तेव्हा ब्रिटनच्या यादीतही चढला नव्हता. आज तोच अल्बम लोक उराशी धरतात. नाटकी अल्बमांबद्दल मला तुमच्याशी वाद घालायचा नाही.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. पण स्वतःच्या नावानं लिहा. निनावी आली तर ती इथे दिसणार नाही.